पहिला तास लाकडापासून सुरू करा: मार्क्सवादी अभ्यासवर्ग घेणाऱ्या सोबत्यांना खुले पत्र

सोबत्यांनो,

तुमच्यापैकी अनेकांसारखाच मीही वर्षानुवर्षे अभ्यासवर्ग घेत आलो आहे. कामावरून परस्पर आलेली दहा-बारा माणसे, एक फळा आणि पहिल्या तासाला त्या फळ्यावर ठरलेले वाक्य: कम्युनिस्टांचा सिद्धान्त एका वाक्यात सांगता येतो, खासगी मालमत्तेचे उच्चाटन. १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यातले हे वाक्य लिहून मागे वळले की समोरच्या चेहऱ्यांवर एकच प्रश्न असतो, आणि पुढचा अर्धा तास तो निस्तरण्यात जातो. तुमचे राहते घर कोणी घेणार नाही. तुमचे कपडे, भांडी, पुस्तके तुमचीच. मग फळ्याच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे 'व्यक्तिगत वस्तू', उजवीकडे 'उत्पादनसाधने'. डावीकडचे राहील, उजवीकडचे समाजाचे होईल. माणसे माना डोलावतात आणि आपण पुढच्या विषयाकडे वळतो.

ही रेघ मी आता पुसून टाकली आहे. का पुसली, तेवढ्यासाठी हे पत्र.

मागच्या वर्गात एका गोदामात काम करणाऱ्या ताई येत. रेघ मारून झाल्यावर त्यांनी डावा हात पुढे केला. मनगटावर स्कॅनरच्या पट्ट्याचा वळ उठलेला, घामाने कडेची कातडी पांढरी पडलेली. कोणत्या फळीकडे जायचे ते हा स्कॅनर त्यांना सांगतो, किती सेकंदांत पोचायचे तेही सांगतो, आणि उशीर झाला की थरथरतो. त्या म्हणाल्या, "सर, गोदाम उद्या सगळ्यांचं झालं. मग हे मनगटावरून कोण काढणार?" मी आपले नेहमीचे उत्तर दिले. सत्ता कामगारवर्गाची असेल, ती ठरवेल. "म्हणजे मला कोणी विचारणार नाही," एवढेच त्या म्हणाल्या. वही उघडी होती, पण त्यांनी त्यात काही लिहिले नाही.

त्यांचे खरे होते. आणि मार्क्स नीट वाचला तर तोही त्यांच्याच बाजूने उभा राहतो. चूक माझ्या फळ्यावर होती.

आपण मालमत्ता शिकवतो ती वस्तूंची यादी म्हणून. मार्क्ससाठी ती माणसामाणसांतला संबंध होती: कोण कोणाला राबवू शकतो, आणि राबणारा 'नाही' का म्हणू शकत नाही. हे त्याला मोठ्या तत्त्वचिंतनातून सुचले असे आपण सांगतो. प्रत्यक्षात तो या प्रश्नाला पहिल्यांदा भिडला तो काटक्या वेचण्यावरून. म्हणून माझी पहिली विनंती अशी की पहिला तास जाहीरनाम्यातल्या त्या वाक्यापासून सुरू करू नका, लाकडापासून करा.

१८४२ साल. मार्क्स चोवीस वर्षांचा, जर्मनीच्या ऱ्हाइन प्रांतातल्या एका वृत्तपत्रात लिहिणारा. प्रांतिक सभेपुढे लाकूडचोरीच्या कायद्याचा मसुदा आला होता. जंगलात गळून पडलेल्या फांद्या वेचणे हा गरिबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाजी हक्क होता. नव्या कायद्याने तीच गोष्ट चोरी ठरणार होती. मार्क्सने लेखमालेत विचारले, झाड मालकाचे आहे हे मान्य, पण जी फांदी झाडापासून सुटली ती झाडाची तरी उरली का? आणि मग त्याने मसुद्याची कलमे एकेक करून उलगडली. चोरीला गेलेल्या लाकडाची किंमत ठरवणार मालकाच्याच पगारावरचा वनरक्षक. भरपाई मालकाला मिळणार, वर दंडही मालकाच्याच खिशात जाणार. दंड भरता आला नाही तर गुन्हेगाराने मालकासाठी राबायचे.

हा तपशील वर्गात सावकाश वाचा, घाई करू नका. काटकी तीच आहे, वेचणारा हात तोच आहे, जंगलही तेच. मालकाला त्या काटकीची थंडीत चूल पेटवायला गरज नव्हती. बदलले ते एवढेच की कालपर्यंत वाकून काटकी उचलणारी म्हातारी आज मालकाची देणेकरी झाली, आणि देणे फिटले नाही तर त्याची वेठबिगार. न्यायाधीश, पोलीस, तुरुंग ही सगळी शासनयंत्रणा एका खासगी माणसाच्या वसुलीला जुंपली गेली. मालमत्ता आणि वर्गसत्ता हे दोन वेगळे धडे नाहीत, हे यापेक्षा सोपे करून मला आजवर सांगता आलेले नाही. पुढे १८५९ मध्ये आपल्या अर्थशास्त्रीय अभ्यासाची वाटचाल सांगताना मार्क्सने या लाकूडप्रकरणाचा आवर्जून उल्लेख केला आहे. भौतिक हितसंबंधांवर बोलण्याची वेळ आपल्यावर प्रथम आली ती इथे, असे तो म्हणतो.

इथेच एका सवयीबद्दल बोलतो, कारण ती मलाही आहे. वर्ग रंगला की आपण मालकवर्गाला चोर म्हणून मोकळे होतो. 'मालमत्ता म्हणजे चोरी' हे फ्रेंच समाजवादी विचारवंत प्रूधाँचे १८४० चे वाक्य. मार्क्सने त्यावर साधा आक्षेप घेतला होता: चोरी म्हणायची तर आधी मालमत्ता मानलेली असावी लागते. चोर हा शब्द टाळ्या मिळवतो आणि प्रश्न झाकतो. त्या ताईंच्या गोदामाच्या मालकाने कायद्याने पाहिले तर काहीही चोरलेले नाही. ठरलेला पगार ठरलेल्या तारखेला जमा होतो. सगळे कायदेशीर असूनही मनगट दुखते, आणि आपल्याला समजावून सांगायचे आहे ते नेमके हेच.

त्यासाठी 'भांडवल' ग्रंथाच्या १८६७ च्या पहिल्या खंडातली शेवटची प्रकरणे हाताशी घ्या. आपण बहुधा वस्तू आणि मूल्य यांच्या पहिल्या प्रकरणावर इतके आठवडे घालवतो की शेवटापर्यंत पोचेस्तोवर अर्धा वर्ग गळालेला असतो. या शेवटच्या भागात स्कॉटलंडमधल्या सदरलंडची हकिकत आहे. १८१४ ते १८२० या काळात तिथल्या सुमारे ३,००० कुटुंबांना, म्हणजे १५,००० माणसांना, पद्धतशीरपणे हुसकावून लावले गेले. गावे पाडली, जाळली, शेतांची कुरणे केली. हुसकावलेल्यांना समुद्रकाठची कुटुंबामागे दोन एकर पडीक जमीन मिळाली. मार्क्सने दिलेल्या आकड्यांप्रमाणे १८२५ पर्यंत त्या १५,००० माणसांच्या जागी १,३१,००० मेंढ्या आल्या होत्या. ज्यांच्याकडे स्वतःची जमीन, सामाईक कुरण, रानाचा हक्क होता, त्यांच्याकडे आता विकायला स्वतःचे श्रम तेवढे उरले. 'मजूर' नावाचा माणूस असा घडवावा लागला.

पण वर्गाला खरी उकल होते ती पुढच्या गोष्टीने. पील नावाचे एक गृहस्थ इंग्लंडहून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वान नदीकाठी वसाहत करायला गेले. बरोबर ५०,००० पौंडांची सामग्री: अवजारे, धान्य, लागेल ते सारे. कामगार आणि त्यांची बायकामुलेही बरोबर नेली. तिथे पोचल्यावर त्यांचा बिछाना घालायला किंवा नदीवरून पाणी आणायलाही कोणी उरले नाही. आजूबाजूला जमीन मोकळी होती, माणसे आपापली जमीन धरून राहू लागली. अवजारे होती, पैसा होता, मालकीची कागदपत्रे होती. भांडवल मात्र नव्हते. कारण समोरच्या माणसाला दुसरा पर्याय होता. मार्क्सला ही हकिकत वसाहतींवर लिहिणाऱ्या ज्या इंग्रज वेकफील्डच्या लिखाणात मिळाली, त्या वेकफील्डने तोडगाही सांगून ठेवला आहे: वसाहतीतल्या जमिनीची किंमत सरकारने मुद्दाम इतकी चढी ठेवावी, की आलेल्या मजुराला ती विकत घेण्याआधी बरीच वर्षे दुसऱ्याकडे राबावेच लागेल. जमीन पिकवायला हवी की नको हा तिथे मुद्दाच नाही. राबायला माणूस अडलेला हवा, ही काळजी आहे. हा उतारा मी वाचतो तेव्हा वर्गात कोणीतरी हमखास म्हणते, "म्हणजे आमची गरज हीच त्यांची मालमत्ता." मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा क्षणभर थांबलो होतो. इतके नेमके मी कधी सांगितले नव्हते.

मालमत्तेला शासन कसे उभे राहते याची साक्ष कारखान्याच्या बाहेरही मिळते. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला तेव्हा भरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले. ते मालकांना. ज्यांची आयुष्ये गेली त्यांना काहीही नाही, उलट त्यांतल्या बहुतेकांना 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३८ पर्यंत जुन्याच मालकांकडे बिनपगारी राबावे लागले. माणूस माणसाची मालमत्ता असू शकत नाही हे मान्य करतानाही शासनाच्या लेखी नुकसान मालकाचे झाले होते.

आता पुन्हा गोदामाच्या दाराशी येऊ. बाजारात कामगार आणि मालक बरोबरीचे दिसतात. एक आपली श्रमशक्ती विकतो, दुसरा विकत घेतो, दोघेही सही करतात. मग दोघे कारखान्याकडे निघतात, आणि मार्क्स म्हणतो की इथे त्यांच्या चेहऱ्यांवरचे भाव बदलतात. एक पुढे, ऐटीत. दुसरा मागे, बिचकत. दारावर पाटी असते, कामाशिवाय प्रवेश नाही. त्या पाटीच्या आत मालकच कायदे करतो, तोच आरोप ठेवतो, तोच दंड लावतो. बाहेर राजाचे अधिकार मर्यादित करण्यासाठी ज्यांनी क्रांत्या केल्या, त्यांनी आतल्या या एकतंत्री कारभाराला 'मालकीहक्क' म्हणून पवित्र मानले. त्या ताईंच्या मनगटावरचा पट्टा या कारभाराचा आजचा हुकूमनामा आहे. तो कोणी लिहिला, का लिहिला, सेकंद किती आणि कसे मोजले, हे विचारायचे दार त्यांच्यासाठी नाही.

या नजरेने जाहीरनामा पुन्हा वाचला की आपल्या ठरलेल्या वाक्याच्या थोडे पुढचे एक विधान डोळ्यांत भरते. समाजाने निर्माण केलेले उपभोगण्याचा कोणाचा अधिकार साम्यवाद हिरावून घेत नाही, असे तिथे म्हटले आहे. तो काढून घेतो ती त्या मालकीच्या जोरावर दुसऱ्याच्या श्रमाला आपल्या अंकित करण्याची सत्ता. मी आता फळ्यावर हेच लिहितो. घराचे काय, भांड्यांचे काय, हा प्रश्न उठतच नाही, कारण आपल्या भांड्यांनी आपण कोणाला राबवत नाही.

आणि उभ्या रेघेचे काय होते पाहा. घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या तरुणाची दुचाकी त्याची स्वतःची असते. फोन त्याचा, इंधन त्याचे, पावसात भिजणारे अंगही त्याचे. आपल्या रेघेप्रमाणे उत्पादनसाधने त्याच्या मालकीची आहेत, म्हणजे तो भांडवलदार! पण फेरी कोणाला द्यायची, दर किती, खाते कधी बंद करायचे हे ठरते त्याने कधी न पाहिलेल्या प्रणालीत. दुसऱ्या टोकाला मोठी कंपनी घ्या. तिचे भागधारक हजारोंनी, त्यांत निवृत्तिनिधीतून नकळत भागधारक झालेले कामगारही. कागदावर ते मालक, पण त्यांना आपल्याच खात्यातला मुकादम बदलता येत नाही. मालकी आणि कारभार यांची ही फारकत बर्ल आणि मीन्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९३२ मध्ये अमेरिकेतल्या कंपन्यांबाबत तपशिलाने मांडली. मार्क्सने तिची चाहूल त्याआधीच घेतली होती. त्याचा सहकारी एंगल्स याने १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडात भागभांडवली कंपनीबद्दल त्याने लिहिले आहे की ती भांडवलशाहीच्या चौकटीत राहूनच खासगी मालमत्ता म्हणून भांडवलाचा लोप करते. नाव कोणाचे यापेक्षा हुकूम कोणाचा, हे पाहायला तो आपल्याला शिकवत होता. आपण मात्र नावच पाहत बसलो.

इथवर तुमच्यापैकी बहुतेकांना पटेल असे मला वाटते. यापुढचे कदाचित रुचणार नाही, पण पत्र लिहायचे खरे कारण तेच आहे.

मालकी म्हणजे दुसऱ्याच्या श्रमावरची हुकमत, हे जर आपण भांडवलदाराला लावतो, तर ते आपल्या इतिहासालाही लावले पाहिजे. सोव्हिएत सरकारने २८ जून १९१८ च्या हुकुमाने मोठ्या उद्योगांचे राष्ट्रीयीकरण केले. खासगी मालक गेले. त्यानंतर बावीस वर्षांनी, २६ जून १९४० ला आणखी एक हुकूम निघाला. परवानगीशिवाय काम सोडणाऱ्या कामगाराला दोन ते चार महिने तुरुंग. विनाकारण गैरहजर राहिल्यास सहा महिन्यांपर्यंत त्याच जागी शिक्षा म्हणून काम आणि पगारातून २५ टक्क्यांपर्यंत कपात. वीस मिनिटांहून जास्त उशीर हीदेखील गैरहजेरीच धरली जाई. हा कायदा १९५६ पर्यंत पुस्तकात होता. मी हे वर्गात पहिल्यांदा वाचून दाखवले तेव्हा माझा आवाज नीट निघत नव्हता. भांडवलशाहीत कामगाराला निदान मालक बदलता येतो, असे आपण थोड्या तुच्छतेने म्हणतो. इथे तेवढेही उरले नाही, आणि तेही कामगारांच्या नावाने.

वेढा होता, यादवी झाली, महायुद्ध दारात होते. ही कारणे खरी आहेत आणि ती सांगितलीच पाहिजेत. पण ती ताईंच्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. कारखान्यातले निर्णय कामगारांच्या हातात राहावेत असे म्हणणारे तेव्हाही होते, तेही पक्षाच्या आतच. श्ल्याप्निकोव्ह आणि कोलोन्ताय यांच्या 'वर्कर्स ऑपोझिशन' या, कामगारांच्या बाजूने नेतृत्वाला विरोध करणाऱ्या गटाने उद्योगांचा कारभार संघटित उत्पादकांच्या अखिल रशियन परिषदेकडे द्या अशी मागणी केली होती. मार्च १९२१ च्या दहाव्या पक्षपरिषदेने तो विचार धिक्कारला आणि पक्षातल्या गटांवर बंदी घातली. त्यांची योजना चालली असती की नाही यावर वाद घाला, जरूर घाला. पण ते नेमके काय म्हणत होते हे आपल्या वर्गात सांगितलेच जात नाही, हे मला सलते.

एंगल्सने तर कितीतरी आधी धोक्याची खूण दाखवून ठेवली होती. 'ड्यूरिंगविरोध' या ग्रंथात तो म्हणतो की सरकारने तंबाखूचा धंदा ताब्यात घेणे हा समाजवाद असेल, तर नेपोलियन आणि ऑस्ट्रियाचा सनातनी मुत्सद्दी मेटरनिख यांनाही समाजवादाच्या संस्थापकांत बसवावे लागेल. सरकार जितके उद्योग घेते तितके ते स्वतःच राष्ट्रीय भांडवलदार होत जाते, आणि कामगार मजूरच राहतो, हेही त्याच पानांवर आहे. सोव्हिएत नोकरशाही हा नवा वर्ग होता की नाही यावर रशियन क्रांतीचा हद्दपार नेता त्रोत्स्की याने १९३६ मध्ये एक उत्तर दिले, युगोस्लाव्हियाचा बंडखोर कम्युनिस्ट जिलास याने १९५७ मध्ये दुसरे. त्रोत्स्कीवादी आणि त्यांचे विरोधक यांच्या या भांडणात मी वर्गाला अडकवत नाही. मी एवढेच विचारायला लावतो: कामाचा वेग कोण ठरवत होते? कामावरून कोण काढू शकत होते? काम सोडून जायला कोणाची परवानगी लागत होती? जो वरिष्ठ नेमला जाई त्याला खालून हटवता येत होते का?

मालमत्ता हा व्यक्तीचा शासनापासूनचा आडोसा आहे, असे उदारमतवादी म्हणतात. आपण या आक्षेपाला हसतो, आणि ते चुकते. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला 'नाही' म्हणता येत नाही, हा आपलाच तर मुद्दा आहे! पीलचे मजूर 'नाही' म्हणू शकले ते पायाखाली जमीन मिळाली म्हणून. तेव्हा आडोसा थोड्यांनाच का मिळावा, असे आपण विचारले पाहिजे. 'भांडवल'च्या पहिल्या खंडाच्या त्याच शेवटच्या भागात मार्क्स सामाईक ताबा आणि सहकार्य यांच्या पायावर व्यक्तीच्या मालमत्तेची पुन्हा उभारणी होईल असे लिहून गेला आहे. या ओळीवर आपण एकही तास घेत नाही.

पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमध्ये काही आठवडे टिकलेल्या कामगारांच्या क्रांतिकारी सत्तेच्या, १६ एप्रिल १८७१ च्या आदेशाकडे मी अलीकडे पुन्हा पुन्हा जातो. मालक सोडून गेलेल्या कार्यशाळांची कामगार संघटनांनीच पाहणी करावी, यादी करावी, आणि तिथे काम केलेल्या कामगारांच्या सहकारी संस्थांनी त्या कशा चालवाव्यात याची योजना मांडावी, असे त्यात होते. परतणाऱ्या मालकांच्या भरपाईसाठी लवादही सुचवला होता. मे महिन्यात कम्यून रक्तात बुडाला, त्यामुळे फार काही उभे राहिले नाही. तरी विचारायचे कोणाला, याचा त्या आदेशातला क्रम मला योग्य वाटतो. आधी तिथे राबणाऱ्याला.

तेव्हा पुढच्या वर्गांचे नियोजन करताना सोव्हिएत कामगार कायद्यांचा तास शेवटच्या दिवशी, उरला वेळ तर, असा ठेवू नका. तो मधोमध घ्या, कारखान्याच्या दाराच्या लगेच नंतर. आणि आपल्या संघटनांकडेही याच प्रश्नांनी पाहू द्या. कार्यालयाची किल्ली, मासिकाचे संपादन, पूर्णवेळ कार्यकर्त्याचे मानधन, वक्त्यांची यादी हे कोण ठरवते, हे वर्गातल्या कोणी विचारले तर त्याला गप्प करू नका. खडू कोणाच्या हातात आहे, हाही त्यातलाच प्रश्न. इतकी वर्षे तो माझ्या हातातून कोणी मागितला नाही, कारण मागता येतो असे मी कधी दाखवले नाही.

त्या ताई गेले दोन शनिवार आलेल्या नाहीत. त्यांची पाळी बदलली आहे, तसा निरोप आदल्या रात्री फोनवर आला होता. म्हणून पुढचा वर्ग रविवारी सकाळी ठेवला आहे, त्या दिवशी त्यांना सुटी असते. वर्ग त्या घेणार आहेत. एका दिवसात गोदामात जेवढे निर्णय होतात तेवढे त्या सांगतील: पाळी, वेग, पाणी प्यायची मुभा, आजारपण, नवी भरती, स्कॅनरमधली सेकंदांची मोजणी. प्रत्येकापुढे आज तो कोण घेते ते लिहू, आणि तिथे राबणाऱ्यांनी तो घ्यायचा तर कसा, कोणत्या बैठकीत, मतभेद झाले तर काय, हे सगळे मिळून काढू. तुमच्या वर्गात एखाद्या वेगळ्या कामाच्या जागेवरून अशी यादी निघाली तर ती मला पाठवा. आमची मी पाठवतो.

आपला,
एक सोबती